चाक कुणीकडं?

"चाक कुणीकडं घातलंय?" अब्बांनी विचारलं.

मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन त्यांना आठच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा, वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, धुळीत जायचं नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. म्हणून मोहिद्दीन मिस्त्री आपल्याच वर्कशॉपच्या दारात बाकड्यावर, हात गुडघ्यांवर ठेवून, पाहुण्यासारखे बसले होते. समोर पिकअपच्या हौद्यात मळणीयंत्र चढलेलं. उन्हात काळ्या चष्म्यातनं त्यांना ते नुसतं धुरकट दिसत होतं, कुठली बाजू कुठं ते कळत नव्हतं.

"केबिनकडं, अब्बा," सरफराज म्हणाला. दोराची गाठ मारता मारता, मान वर न करता.

त्याची बायको फिरदोस लेकीला, सिमरनला, कडेवर घेऊन तिथंच उभी होती. तिच्या डोळ्यांसमोर मळणीयंत्राचं ते दोन हात रुंदीचं बिडाचं चाक मागच्या फाळक्याला टेकलेलं होतं, केबिनच्या बरोबर उलट्या टोकाला. तिनं सरफराजकडे पाहिलं. त्यानं डोळ्यांनीच 'गप' म्हटलं.

ती गप्प बसली.

भांडण सकाळपासूनचं होतं. मशीन घेणारे नानासो जतच्या पलीकडचे. वर्षभर मागं लागून त्यांनी मोहिद्दीन मिस्त्रींकडनं ते जुनं मळणीयंत्र नवं करून घेतलेलं. नवा ड्रम, नवी जाळी, हिरवा रंग, सोबत स्वतः आणलेला झेंडूचा हार. आणि चढवायच्या वेळी अडून बसले. मशीनचं तोंड, म्हणजे जिथनं कणसं आत घालतात ती बाजू, पुढंच पाहिजे.

"बैल घरी आणताना शेपटीकडनं आणत्यात व्हय रं?" ते सरफराजला म्हणाले. "घरची लक्ष्मी हाय ती. माझ्या दारात तोंडानं येणार. पाठमोरी आली तर आमची म्हातारी आरती खाली ठिवंल."

तोंड हलकं, आणि ड्रम, गिअर, चाक सगळं दुसऱ्या टोकाला. तोंड पुढं म्हणजे वजन मागं. अब्बांनी चाळीस वर्षांत असं एकदाही घातलं नव्हतं. पण क्रेनवाल्याला दुसरीकडं जायची घाई होती, नानासो ऐकत नव्हते, आणि सरफराजला आपल्या जिवावर केलेली ही पहिली रवानगी गिऱ्हाइकाला नाराज करून करायची नव्हती. त्यात नानासो म्हणाले की मी हौद्यातच बसतो, मशीनजवळ. मग त्यांना बसायला केबिनच्या मागं जागा सोडली, आणि मशीन आणखी हातभर मागं सरकलं.

हे सगळं फिरदोसला कळत होतं. सांगलीत होस्टेलवर राहून तिनं फिजिक्समध्ये बी.एस्सी. केलं होतं. तराजूची दांडी कुठं टेकवली की कुठलं पारडं उठतं हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. तरी ती बोलली नाही, कारण सरफराज तिच्या कानाशी येऊन म्हणाला होता, "उलट बरंच की. चाक पुढं असतं आणि मी कचकन ब्रेक मारला असता, तर ते धूड कुणाच्या पाठीवर आलं असतं? तुझ्या आणि हिच्या."

सिमरन चौदा महिन्यांची. फिरदोस तिला घेऊन याच गाडीतनं जतला माहेरी चालली होती. केबिनच्या पातळ पत्र्यामागं ते काळं चाक, आणि पत्र्याच्या अलीकडं सिमरनची पाठ. ते चित्र डोळ्यांसमोर आलं आणि तिची जीभच हलेना. मागं असलेलं बरं, असं तिच्या आतलं कुणीतरी हळूच म्हणालं होतं. तेवढ्यावर ती गप्प बसली.

आत हाजराबींनी, सासूबाईंनी, सिमरनच्या कपाळावर काजळाचा टिक्का लावला, डबी फिरदोसच्या पिशवीत टाकली. "सावकाश जावा," त्या म्हणाल्या.

गाडी रहिमतपूरच्या बाहेर पडली. पहिल्याच गतिरोधकावर फिरदोसला कळलं. पुढची चाकं चढली, उतरली, मग मागची चढली, आणि पुढचं सगळं अंग क्षणभर हलकं झालं. सरफराजनं स्टेअरिंग थोडं हलवून पाहिलं.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"काय न्हाई. हलकं चालतंय आज. मजा येतीय."

"हलकं का चालतंय?"

"तू परीक्षा घेऊ नको गं. पोरीकडं बघ."

पोरीकडं ती बघत होतीच. एक डोळा पोरीवर, एक बाजूच्या आरशात. आरशात दोर दिसत होता. निळा नायलॉनचा, मशीनच्या पत्र्यावरनं खाली हुकाला गेलेला. पत्र्याच्या कडेवर तो जिथं वाकला होता तिथं त्याला बारीक पांढरी लव आली होती. मघाशी होती का? तिला आठवेना. आठवत नाही याचीच तिला जास्त भीती वाटली.

पुसेसावळीला नानासोंना चहा पाहिजे होता. दोघं टपरीकडं गेल्यावर फिरदोस सिमरनला घेऊन हौद्याच्या बाजूला गेली. पिशवीतनं काजळाची डबी काढली. बोटानं एक रेघ ओढली, मशीनच्या लोखंडी पायावरनं सुरू करून सरळ हौद्याच्या तळापर्यंत. कॉलेजात प्रयोगाला बसताना आधी शून्याची खूण करायची, तशी. मग बोट ओढणीला पुसलं आणि कुणी बघितलं नाही ना ते पाहिलं.

विट्याला गाडी डिझेलला थांबली तेव्हा ती पुन्हा उतरली. रेघ तुटली होती. खालचा तुकडा जागेवर, वरचा दोन बोटं मागं.

"अहो," तिनं हाक मारली. "हे बघा. सरकलंय."

सरफराजनं वाकून पाहिलं. रेघ पाहिली, तिच्या ओढणीवरचा डाग पाहिला, आणि हसला. "पोरीचं काजळ मशीनला लावलंस? दृष्ट लागंल म्हणून?"

हौद्यात बसलेले नानासोही हसले. "लाव लाव सूनबाई, चाकाला बी एक टिक्का लाव."

"दोन बोटं सरकलंय," ती म्हणाली. "पुढं घाट आहे. इथं क्रेन मिळंल. फिरवून घेऊ या."

"माल पहिल्यांदा बसतोच थोडा." सरफराजनं दोराला हिसका दिला, गाठ सोडून पुन्हा आवळली. "आता बघ, दगड झाला. आणि क्रेन बोलवायची म्हणजे अब्बांना कळणार. कळू दे?"

तीही त्या सकाळच्या खोट्यात होती. सरफराजनं नुसता शब्द उच्चारला होता, तिनं तो राहू दिला होता.

"नाना, तुम्ही तरी पुढं येऊन बसा," ती म्हणाली.

"मी हाय म्हणून ती हाय," नानासो मशीनवर हात आपटत म्हणाले. "मोकळं राहिलेलं दोराचं टोक मी धरतो की. चिंता करू नगं."

चढ सुरू झाला. विटं मागं पडलं, खानापूरकडं जाणारा रस्ता वर वर वळत निघाला. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना पिवळं गवत. सरफराजनं आता स्टेअरिंग दोन्ही हातांनी धरलं होतं. दुसऱ्या वळणावर त्यानं स्टेअरिंग फिरवलं आणि गाडी त्याच्या मागनं जराशी उशिरा वळली. फिरदोसनं सिमरनच्या पोटावरचा हात घट्ट केला. सरफराजच्या कानामागनं घामाची रेघ उतरत होती. मजा येतीय, असं त्याचं तोंड आता म्हणत नव्हतं.

तिसऱ्या वळणापुढं रस्त्यात मेंढरं आली.

शेदीडशे मेंढरं, सगळा रस्ता भरून, आणि मध्ये काठी घेतलेली एक धनगर बाई. सरफराजनं ब्रेक मारला. गाडी चढावर थांबली. मेंढरं सावकाश बाजूला होऊ लागली. त्यानं पहिला गिअर टाकला, क्लच सोडला.

मागं काहीतरी घासलं. लोखंडावर लोखंड, लांब, दात शिवशिवणारं. गाडीचं नाक वर उचललं गेलं. समोरचा रस्ता काचेतनं खाली गेला आणि नुसतं आभाळ राहिलं. मग नाक धप्पकन खाली आलं, पण पुरतं नाही. गाडी हेलकावत राहिली, भरल्या विहिरीतल्या घागरीसारखी.

सरफराजनं एका पायानं क्लच आणि एका पायानं ब्रेक दाबून धरला होता.

"फिरदोस," तो म्हणाला. तिनं त्याचा असा आवाज लग्नानंतर कधी ऐकला नव्हता. "स्टेअरिंगला काहीच लागंना झालंय. पुढची चाकं टेकलीच न्हाईत धड. तू उतर पोरीला घेऊन. हळू उतर."

तिचा हात दाराच्या कडीवर गेला होता. तो तिथंच थांबला.

ती उतरली, तर पुढचं पन्नास-पंचावन्न किलो वजन जाणार. मागं अकरा क्विंटल, फाळक्याला टेकलेलं. किती कमी पडेल, किती पुरेल, हे कागदाशिवाय सांगता येणार नव्हतं, आणि इथं चूक करून बघायची सोय नव्हती. तिनं काच खाली केली.

"मावशी," तिनं हाक मारली. "मावशी, जरा इकडं या. मागनं येऊ नका, पुढनं या."

ती बाई पुढनं आली. कपाळावर मोठं कुंकू, तोंडात तंबाखू. एका नजरेत तिला सगळं कळलेलं दिसलं.

"तुमचं नाव काय मावशी?"

"तानुबाई. का गं?"

"हिला धरा," फिरदोस म्हणाली, आणि खिडकीतनं सिमरनला बाहेर दिलं.

चौदा महिन्यांत तिनं सिमरनला परक्या हातात दिलं नव्हतं. पोर रडायच्या आधी आश्चर्यानं बघत राहिली. तिच्या कपाळावरचा टिक्का फिरदोसच्या मनगटाला पुसला गेला होता.

"आन् तू?" तानुबाई म्हणाली.

"मी उतरले तर गाडी उलटेल. हिला घेऊन लांब उभ्या राहा. आधी मागच्या दोन्ही चाकांना मोठे दगड लावता का? बाजूनं जाऊन. मागं उभ्या राहू नका."

तानुबाईनं पोर पाठीशी पदरात बांधलं, जसं कोकरू बांधावं, आणि दगड शोधायला वाकली. फिरदोसनं फोन काढला.

"कुणाला?" सरफराज म्हणाला. त्याला तोंड वळवता येत नव्हतं, पण कळलं होतं. "नको. विट्यातनं क्रेन बोलव आधी."

"क्रेन येईस्तोवर काय करायचं ते तुम्हाला माहीत आहे का?"

त्यानं ब्रेक आणखी दाबला.

फोन अब्बांनीच उचलला. तिनं एका श्वासात सांगितलं. "अब्बा, चाक मागं आहे. केबिनकडं नाही. मला सकाळी माहीत होतं. विट्याच्या पुढं घाटात उभे आहोत, चढाला, मशीन फाळक्यावर आलंय, पुढची चाकं उचलतायत."

पलीकडं बाकडं करकरलं, अब्बा उठून उभे राहिले असावेत.

"सिमरन कुठाय?"

"खाली दिली. एका मावशीजवळ."

"तू?"

"आत आहे. बसून आहे."

"शाबास. हलू नको. सरफराजला सांग, इंजिन चालू ठेव, पाय उचलू नको, हँडब्रेक वढ. चाकांना दगड?"

"लावतायत."

"लावून झालं की तिला लांब जाऊ दे. फाळका कुणी उघडायचा न्हाई. दोराला कुणी हात लावायचा न्हाई. मागं कोण हाय?"

"नानासो. केबिनच्या मागं, हौद्यात."

"काय करतोय?"

फिरदोसनं मान वळवून केबिनच्या मागच्या जाळीतनं पाहिलं. नानासो केबिनला पाठ लावून, दोन्ही पाय मशीनच्या पायाला रेटून बसले होते. दोराचं मोकळं टोक त्यांनी उजव्या मनगटाला तीन वेढे देऊन गुंडाळलं होतं. अवखळ बैलाचा कासरा गुंडाळतात तसं. हात कोपरापर्यंत ताणलेला, बोटं पांढरी.

"दोर हाताला गुंडाळलाय त्यांनी," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता तिला त्याचा अर्थ कळला. फाळका सुटला तर मशीन एकटं जाणार नव्हतं.

"फोन मोठा कर," अब्बा म्हणाले. "जाळीला लाव."

तिनं स्पीकर लावून फोन जाळीशी धरला.

"नानासो, मी मोहिद्दीन. हातातला दोर सोड."

"मिस्त्री, म्या सोडला तर जाईल ती." नानासोंनी दोर आणखी ओढला. "मीच धरून ठिवलीय."

"तू न्हाई धरलेली गड्या. फाळक्यानं धरलीय. तुझ्या हातात काय हाय? बैल असता तर तुझी हाक ऐकून थांबला असता. त्या लोखंडाला तुझं नाव म्हाईत न्हाई. ते गेलं तर तुझा हात घिऊनच जाणार. सोड."

"पैलं मागं घसरंल थोडं."

"घसरू दे. चार बोटं घसरंल, फाळक्याला बसंल. आवाज झाला तर भिऊ नको. सोड आणि तिथंच बस, केबिनला पाठ लावून. उडी मारायची न्हाई. तुझं वजन तिथंच पायजे मला."

फिरदोस जाळीतनं बघत होती. पहिला वेढा सुटला. दुसरा. तिसऱ्याला दोर मनगटात रुतला होता, नानासोंनी तो दातांनी ओढला. दोर सटकला, मशीन किरकिरत मागं गेलं, आणि फाळक्यावर घणासारखा आवाज झाला. गाडीचं नाक उठलं. फिरदोसनं डोळे मिटले नाहीत. समोरच्या काचेत आभाळ होतं, आभाळच होतं, आणि मग हळूहळू तळाशी रस्त्याची काळी कड आली.

फाळका टिकला.

"बसलं?" अब्बांनी विचारलं.

"बसलं," ती म्हणाली.

"आता विट्याचा एक क्रेनवाला हाय, त्याला मी लावतो फोन. कुणीच हलू नका."

क्रेन यायला पाऊण तास लागला. तो पाऊण तास फिरदोस पाठ ताठ करून, पाय पुढं रेटून बसून राहिली. जणू तेवढ्यानं वजन वाढणार होतं. सरफराजनं पाय उचलला नाही. तिनं एकदा त्याच्या गुडघ्यावर हात ठेवला. आरशात तिला तानुबाई दिसत होती, बाभळीखाली, मेंढरांत. सिमरन मेंढराच्या लोकरीत बोटं घालत होती. मग तानुबाई आरशाच्या बाहेर गेली. फिरदोसनं मोजायला सुरुवात केली. एकशे चाळीसपर्यंत आरसा रिकामा होता. मग लुगड्याचा हिरवा काठ आला, त्यावर सिमरनचं डोकं, झोपलेलं.

"मला वाटलं होतं, अब्बांना दाखवीन," सरफराज समोर बघत म्हणाला. "चष्मा निघाल्यावर म्हणतील, पोरानं एकट्यानं केलं."

"माझंही चुकलं," ती म्हणाली. "चाक आमच्या पाठीमागं नको म्हणून मी गप्प बसले."

क्रेननं मशीन अलगद उचललं तेव्हा गाडीची पुढची चाकं टेकल्याचा आवाज तिनं ऐकला. मगच तिनं दार उघडलं. पाय जमिनीला लागताच ती बाभळीकडं निघाली. तानुबाईनं सिमरनला तिच्या हातात दिलं. "झोपलीया. उठवू नगं," म्हणाली, आणि मेंढरांमागं निघून गेली.

मशीन हवेत फिरलं. चाक केबिनकडं आलं, केबिनला अगदी चिकटून, मध्ये लाकडी ओंडका. क्रेनवाल्यानं दोर काढून टाकला आणि साखळ्या लावल्या, चारी कोपऱ्यांना. नानासो रस्त्याच्या कडेला मनगट चोळत उकिडवे बसले होते. मशीनचं तोंड आता मागं होतं, आणि हार घाटात कुठंतरी गळून पडला होता.

अब्बांचा फोन आला. सरफराजनं उचलला.

"चाक कुणीकडं?"

"केबिनकडं, अब्बा."

"फिरदोसला दे फोन," अब्बा म्हणाले.

सरफराजनं तिच्याकडं फोन दिला. तो देताना त्याचा चेहरा तिनं पाहिला, आणि पाहिला नसता तर बरं झालं असतं असं तिला वाटलं.

"केबिनकडं आहे, अब्बा. मी हात लावून बघितलंय."

"बरं. नानासोला सांग, तोंडाची काळजी करू नको. त्याच्या दारात गाडी रिव्हर्स घालायची. मागचं तोंड पहिलं आत जातं. चाळीस वर्षं असंच करतोय मी. सकाळी इचारलं असतं कुणी, तर सांगितलं असतं."

तिनं ते नानासोंना सांगितलं. नानासोंनी मनगट चोळायचं थांबवलं. मग म्हणाले, "एवढंच व्हतं व्हय?"

पुढच्या वाटेत नानासो केबिनमध्येच बसले, आणि सरफराजनं तीसच्या पुढं काटा जाऊ दिला नाही. भिवघाट गेला, नागजफाटा गेला. प्रत्येक वेळी ब्रेक लागला की फिरदोसच्या पाठीचा कणा आपोआप आक्रसत होता. पत्र्यापलीकडं ते चाक होतं, सकाळी तिला ज्याची भीती वाटली होती तेच. आता ते योग्य जागी होतं, आणि भीती तशीच होती. फक्त ती आता मागं वळून बघायला लावत होती, गप्प बसवत नव्हती. नागजफाट्याला तिनं गाडी थांबवायला लावली, उतरून काजळाची नवी रेघ ओढली. या वेळी सरफराज हसला नाही. त्यानं डबी धरली.

जत आलं तरी फिरदोस माहेरी उतरली नाही. नानासोंच्या वस्तीवर पोचले तेव्हा ऊन कलतं होतं. अंगणात बायका उभ्या होत्या, मध्ये आरतीचं ताट घेतलेली नानासोंची म्हातारी, भोवती पाच-सहा पोरं. सरफराजनं गाडी वळवली, मागची बाजू अंगणाकडं केली, रिव्हर्स टाकला. आणि थांबला.

"फिरदोस," तो म्हणाला. "तू बघतीस का मागं?"

ती उतरली. आधी रेघ पाहिली. अखंड होती. मग बायकांना आणि पोरांना भिंतीच्या बाजूला उभं केलं. आरतीवाल्या म्हातारीचा दंड धरून तिला दोन पावलं सरकवलं. "येतीय तुमची लक्ष्मी, तोंडानंच येतीय," ती म्हणाली, "पण वाटेत उभं राहायचं नाही." पोरं मोजली. एक कमी होतं. ते कणगीमागं सापडलं. पुन्हा मोजली.

मग सिमरनला उजव्या खांद्यावर नीट घेऊन, जिथनं आरशात आपण दिसू अशा जागी ती उभी राहिली आणि डावा हात वर केला.

"या," ती म्हणाली. "हळू या."